मागच्या चाकातली खटखट: चेन, सॉकेट, ड्रम रबर आणि बेअरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी गॅरेजात लावतानाच लोक निकाल सांगून टाकतात, "मागून आवाज येतोय, चेन-सॉकेट टाका." चेन-सॉकेट पडतं, पैसे जातात आणि आठवड्याभरात तोच माणूस दारात उभा असतो, "आवाज तसाच आहे हो." तसाच असणार. चेन बाहेर असते म्हणून डोळ्यांना दिसते. चेनला खाणारी वस्तू मात्र बऱ्याचदा चाकाच्या आत असते आणि चाक उघडायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, आम्हा मेकॅनिक लोकांनाही. खाली लिहिलंय ते चेनवर चालणाऱ्या, साधारण १०० ते ३५० सीसीच्या गाड्यांबद्दल.

इंजिनची ताकद मागच्या चाकापर्यंत जाते कशी? वाटेत काय काय झिजतं?

गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवर छोटं सॉकेट, म्हणजे दात असलेलं चाक, त्यावर चेन, चेनच्या मागच्या टोकाला मोठं सॉकेट. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण मोठं सॉकेट बहुतेक गाड्यांत थेट चाकाला आवळलेलं नसतं. ते एका वेगळ्या ताटलीवर बसतं, तिला दुकानात कपलिंग म्हणतात. कपलिंगच्या आतल्या बाजूला जाड पाकळ्या असतात. त्या चाकाच्या हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या जाड भागातल्या, खणांत शिरतात आणि पाकळी व खण यांच्या मध्ये रबराचे ठोकळे असतात, तेच ड्रम रबर. म्हणजे इंजिनचा प्रत्येक धक्का आधी रबर खातं, मग चाकाला मिळतो. हे सगळं फिरतं बेअरिंगवर आणि बेअरिंग बसतात एक्सलवर, म्हणजे चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्यावर.

झिजणाऱ्या गोष्टी एवढ्याच: दोन सॉकेट, चेन, रबर, बेअरिंग. पण यातली एक बिघडली की ती शेजारणीला बिघडवते. रबर मऊ पडलं की धक्के चेनवर येतात. कपलिंगचं बेअरिंग खिळखिळं झालं की सॉकेट तिरपं चालतं आणि नवी चेन एका बाजूने घासून काही महिन्यांत वाया जाते.

बरोबर शब्द स्प्रॉकेट की सॉकेट?

खोक्यावर स्प्रॉकेट छापलेलं असतं, पण पुण्याच्या नाना पेठेतल्या काउंटरवर "चेन सॉकेट" म्हटल्याशिवाय माणूस वळून बघत नाही. पान्याच्या सेटमधल्या सॉकेटला गॅरेजात गोटी म्हणतात, म्हणून गोंधळ होत नाही. मी इथे सॉकेटच लिहितो.

आवाज कशाचा आहे हे ओळखायचं कसं?

आधी आवाज कधी येतो ते बघा. कुठून येतो ते नंतर. चालत्या गाडीवर कान फसतो, मागचा आवाज इंजिनचा वाटतो आणि इंजिनचा मागचा.

रेस सोडली किंवा परत दिली की त्या क्षणाला एकदाच "खट्" होतं, पहिला गिअर टाकताना गाडी झटका देते, ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना घोडा अडल्यासारखी पुढे-मागे होते: पहिला संशय ड्रम रबरावर. चेन फार सैल असेल तरी असंच होतं, म्हणून चेनचा ताण आधी बघून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत.

गाडी चालेल तसा "कर्र कर्र" असा कोरडा आवाज, वेग वाढला की तो जलद होतो, चेनला तेल घातलं की दोन दिवस गप्प बसतो: चेन आणि सॉकेट.

"घूंऽऽ" असा जात्यासारखा घरघराट, वेगाबरोबर चढणारा, वळणावर गाडी एका बाजूला कलली की कमी-जास्त होणारा: बेअरिंग. खात्री करायची असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाला क्लच दाबा. इंजिनचा आवाज उतरतो. घरघर तशीच राहिली तर ती चाकाची किंवा चेनची. मग गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. हाताने चाक फिरवा आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एक्सलजवळ चिमट्यावर (मागचं चाक दोन्हीकडून धरणारा सांगाडा, स्विंगआर्म) टेकवून मूठ कानाला लावा. डॉक्टरच्या नळीसारखं ऐकू येतं. चांगलं बेअरिंग जवळजवळ मुकं असतं. खराब बेअरिंगमध्ये वाळू दळल्यासारखं वाजतं.

आणखी एक खूण लोकांच्या लक्षात येत नाही. मागे डिस्क ब्रेक असेल आणि बेअरिंग हललेलं असेल, तर डिस्क डुलत फिरते आणि ब्रेक पॅडना मागे ढकलते. मग ब्रेक पहिल्या दाबात खोल जातो, दुसऱ्या दाबात वर येतो. माणूस ब्रेक ऑइल बदलत बसतो.

चाक हाताने हलतंय. बेअरिंग गेलं का?

कदाचित. मेन स्टँडवर टायर वर आणि खाली धरून आडवं हलवा, मग पुढे-मागे धरून हलवा. "टक टक" लागली तर एका हाताने चिमटा घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने पुन्हा चाक हलवा. चिमटा स्थिर आणि चाक हलतंय: बेअरिंग, नाहीतर एक्सलचा नट सैल. चिमटाही सोबत हलतोय: चिमट्याचे बुश, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळ्या. दोन्ही आपापले वेगळे हलत असतील तर खिसा तयार ठेवा.

त्याच बैठकीत मोठं सॉकेटही कडेला धरून आत-बाहेर हलवून बघा. चाक घट्ट आणि सॉकेट डुलतंय, असं झालं तर कपलिंगचं बेअरिंग गेलं.

आणि हे सगळं करायच्या आधी टायरमधली हवा. गाडी मागून लहरते म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या हवा भरून परत पाठवल्या आहेत.

चेन "ताणली" म्हणजे नक्की काय होतं?

लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश असतात, ते एकमेकांवर घासून झिजतात. समजा प्रत्येक सांध्याला ०.१ मिलिमीटर झीज झाली. १२० कड्यांच्या चेनमध्ये ती १२ मिलिमीटर होते. एवढ्याने चेन लांब दिसते.

मोजायचं असेल तर आकडा सोपा आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांची चेन ४२८ मापाची असते, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. खालची बाजू ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून सुरू करून वीस कड्या मोजा. नवीन चेनला २५४ मिलिमीटर भरतात. २५९ च्या आसपास गेली, म्हणजे दोन टक्के वाढली, की तिचं काम संपलं. ५२० चेनच्या वीस कड्या नव्यात ३१७.५ मिलिमीटर असतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळी मर्यादा दिली असेल तर ती धरा.

टेप नसेल तर मोठ्या सॉकेटच्या सगळ्यात मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर मोजायचीही गरज नाही.

मग चेनची एक कडी काढून परत आवळली तर?

हा सल्ला गावोगाव मिळतो. पहिलं म्हणजे "एक कडी" काढताच येत नाही. चेनमध्ये एक आतली, एक बाहेरची अशा कड्या असतात, जोडी काढावी लागते, म्हणजे ४२८ मध्ये एक इंच चेन कमी होते आणि एक्सल सुमारे अर्धा इंच पुढे येतो. अॅडजस्टरला (चाक मागे-पुढे सरकवून चेन ताणायचा स्क्रू) जागा मिळते, एवढंच. पण उरलेल्या प्रत्येक कडीचं अंतर वाढलेलंच आहे. ती सॉकेटच्या दातात खोलवर न बसता दाताच्या उतारावर चढून बसते आणि दात खात सुटते. घाटात माल लादलेल्या गाडीची चेन दातावरून उडी मारते ती अशीच.

फक्त चेन बदलली, सॉकेट जुनीच ठेवली तर चालेल?

नाही. उलटही नाही.

जुन्या सॉकेटचे दात झिजलेल्या चेनच्या मापाने घासलेले असतात. एका बाजूने पोखरलेले, टोक वळलेले, करवतीच्या दातासारखे. त्यावर नवी चेन चढवली की ती झपाट्याने जुनी होते. छोटं सॉकेट तर आधी तपासा, कारण मोठ्याच्या मानाने ते तिप्पट फेरे घेतं आणि कव्हरच्या आत असल्याने कोणी बघत नाही. ते कव्हर उघडलं की आतला चिखल खरवडून काढा आणि शाफ्टच्या सीलमधून ऑइल झिरपतंय का तेही बघा. सील किरकोळ पैशांचं असतं आणि एकदा कव्हर उघडलेलंच आहे.

चेन एका जागी सैल, दुसऱ्या जागी ताठ. का?

चाक हळू फिरवून ताठ जागा किती फेऱ्यांनी परत येते ते मोजा. यासाठी मोठ्या सॉकेटवर खडूने एक खूण करा. चाकाच्या दर फेरीला त्याच खुणेपाशी चेन ताठ होत असेल तर दोष सॉकेटचा किंवा कपलिंगचा: सॉकेट वाकलंय, नीट मध्यावर बसलेलं नाही, नाहीतर बेअरिंग हललंय. तीनेक फेऱ्यांनी येत असेल तर दोष चेनचा. हिशोब असा: १२० कड्यांची चेन, मागे ४३ दात, तर चेनचा एक पूर्ण फेरा व्हायला चाक जवळजवळ पावणेतीन वेळा फिरतं.

चेनचा दोष म्हणजे बहुधा गंजून अडकलेल्या कड्या. एखाद-दुसरी असेल तर रॉकेलात भिजवून, हाताने वाकवून मोकळी होते. चार-पाच असतील तर सोडून द्या. आणि ताण नेहमी ताठ जागेवर मोजा, सैल जागेवर मोजून आवळलंत तर ताठ जागा तुटेपर्यंत ताणली जाते.

ड्रम रबर गेलंय हे चाक न काढता कळतं का?

बऱ्यापैकी. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, पहिल्या गिअरमध्ये. मोठ्या सॉकेटकडे बघत चाक पुढे-मागे फिरवा. आधी चेनचा सैलपणा संपतो. तो संपल्यावरही सॉकेट जागेवर आणि चाक मोकळं फिरून "टप्" आपटत असेल तर रबर मेलंय. चांगलं रबर थोडं दबतं आणि परत ढकलतं.

पक्की खात्री चाक काढल्यावर. कपलिंग हबमधून ओढून काढायला थोडा जोर लागला पाहिजे. चाक आडवं करताच ताटली आपोआप हातात आली, तर रबरं आटलीत. बाहेर काढून बघा: एका बाजूला चकाकी, कोपरे गोल, मध्ये भेग. झीज एकाच बाजूला जास्त दिसते, कारण ओढीचा भार एका दिशेनेच येतो. म्हणून काही जण ठोकळे उलटे बसवतात. पाकळीच्या दोन्ही बाजूंचे ठोकळे सारखे असतील तर तात्पुरतं चालतं, पण मी करत नाही. सगळ्या भागांत हीच वस्तू सर्वांत स्वस्त आहे आणि चाक उघडायची मजुरी दोन्ही वेळा तीच.

रबराशेजारी सायकल ट्यूबचे तुकडे कोंबले तर?

चालतं. आम्हीही कोंबलेत. रबराच्या आणि खणाच्या मध्ये ट्यूबची एक-दोन पदरी पट्टी सरकवली की झटका थांबतो, काही महिने जातात. ज्या गाडीचं उत्पादन बंद झालंय आणि रबर मिळतच नाही, तिथे हाच मार्ग राहतो. पण जास्त जाड भरलंत तर कपलिंग पूर्ण आत बसत नाही, सॉकेट बाहेर राहतं आणि चेनची रेष चुकते. झटका वाचवायला गेलात आणि चेन घालवलीत.

मागे बेअरिंग किती असतात? माझ्याकडे दोनच बदलले.

हबमध्ये दोन. ज्या गाड्यांना वेगळं कपलिंग असतं त्यातल्या बहुतेकींत कपलिंगमध्ये तिसरं. काही छोट्या गाड्यांत हे तिसरं नसतं. "दोन बदलले पण आवाज तसाच" याचं उत्तर बऱ्याचदा ते तिसरं असतं आणि चेनची सगळी ओढ त्याच्याच अंगावर येते.

बेअरिंगवरचा नंबर कसा वाचायचा?

कडेला कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६३०२. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचने गुणायचं, म्हणजे २०. दुसरा आकडा दणकटपणाचा. ६२०२ आणि ६३०२ दोन्हींचं भोक १५ मिलिमीटर, पण ६२०२ ची बाहेरची गोलाई ३५ आणि जाडी ११, तर ६३०२ ची ४२ आणि १३. म्हणून दुकानात "अमुक गाडीचं बेअरिंग द्या" म्हणण्यापेक्षा नंबर सांगा. नंबरापुढे "टू आर एस" असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, "झेड झेड" असेल तर पत्र्याची झाकणं. आपल्या चिखलात रबरी सीलचंच घ्या. पत्र्याचं झाकण धूळ अडवतं, पाणी नाही.

हे घरी करता येईल का? क्रम काय ठेवायचा?

मेन स्टँड असेल, पाने चांगले असतील आणि एक मोकळा रविवार असेल तर येईल. मेन स्टँड नसलेल्या गाडीला विटांवर उभं करून मागचं चाक काढायचा खटाटोप मात्र करू नका.

घट्ट नट आधी सैल करा, चाक जमिनीवर असतानाच. सगळे इथेच चुकतात. एकदा चाक बाहेर आलं की मोठ्या सॉकेटचे नट सुटत नाहीत, चाकच गरगर फिरतं. गाडी गिअरमध्ये, सोबत्याला मागचा ब्रेक दाबायला सांगा आणि एक्सलचा नट, मोठ्या सॉकेटचे नट, छोट्या सॉकेटचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल करून ठेवा. सॉकेटच्या नटांना लॉकपत्ती असेल तर तिचे कान आधी सरळ करा.

मग स्टँडवर. चेनचं लॉक (दोन टोकं जोडणारी क्लिपची कडी) काढा, ब्रेक रॉड सोडा. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी टॉर्क आर्मची पट्टी सोडा. एक्सल ओढायच्या आधी दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढा. डाव्या-उजव्या बाजूचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या) वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि एक्सल ओढताच दोन्ही खाली पडून टोपलीत मिसळतात. मग कोणता कुठला यावर चहा थंड होतो. उलटे बसले तर चाक अडतं किंवा सॉकेटची रेष सरकते.

चाक बाहेर आल्यावर सगळंच बघा. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा: खरखर लागली, अडखळलं किंवा आतली कडी डगमगली की बदला. एक्सल सपाट काचेवर लोळवून वाकलाय का ते पाहा. खणांच्या भिंतींना तडा आहे का, कपलिंगच्या पाकळ्या झिजल्यात का. नवं सॉकेट बसवताना नट समोरासमोरचे, फुलीसारखे, थोडे-थोडे आवळा. एकामागून एक गोल आवळलेत तर सॉकेट तिरकं बसतं.

जोडताना टॉर्क आर्म विसरू नका आणि त्याची स्प्लिट पिनही. ती पट्टी सुटली तर ब्रेक मारताच ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरू लागते. मी या कामात घाबरतो तो एवढ्या एकाच गोष्टीला.

बेअरिंग ठोकून बसवलं आणि हजार किलोमीटरच्या आत गेलं. माल खोटा होता का?

असूही शकतो, पण आधी बसवणाऱ्याकडे बघा. दोन चुका सर्रास होतात.

पहिली, आतल्या कडीवर हातोडा. बेअरिंग हबमध्ये जातं ते बाहेरच्या कडीवर. घाव आतल्या कडीवर बसला की तो गोळ्यांमधून जातो आणि गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात. बाहेरच्या कडीच्या मापाची गोटी किंवा जुनं बेअरिंग मध्ये धरून ठोका. त्याहून बरं म्हणजे हब तापवा आणि बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ४२ मिलिमीटरचं भोक ३० अंशांवरून १०० अंशांवर नेलं तर ते सुमारे ०.०७ मिलिमीटर मोठं होतं आणि तेवढ्यात बेअरिंग जवळपास अंगठ्याने आत जातं. हबवर फडकं गुंडाळून उकळतं पाणी ओता, मग नीट पुसून कोरडं करा. ब्लो-लॅम्प लावून रंग जाळायची गरज नाही.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या खात्यावर आहे. दोन बेअरिंगांच्या मध्ये, हबच्या पोटात, एक नळी असते. आतला स्पेसर. गॅरेज सुरू केलं त्या वर्षी स्वतःच्याच गाडीचे बेअरिंग बदलले, दोन्ही छान बसले, हात पुसले आणि बघतो तर नळी कामाच्या फळीवर. आत असायला हवी होती. आता परत कोण काढणार, म्हणून तशीच चालवली. एक्सलचा नट आवळला की ही नळी दोन्ही आतल्या कड्यांना अंतरावर धरून ठेवते. ती नसेल तर कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि बेअरिंग आडव्या दाबात मरतं. गगनबावड्याच्या घाटात ते मेलं, पावसात, आणि गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली.

तेव्हा क्रम असा: एक बेअरिंग तळाला टेकेपर्यंत पूर्ण बसवा (कोणतं आधी ते गाडीच्या पुस्तकात असतं), चाक उलटं करा, नळी टाका, मग दुसरं बेअरिंग नळीला जेमतेम टेकेपर्यंतच. नळी बोटाने किंचित सरकली पाहिजे, पण खुळखुळली नाही पाहिजे.

नवीन बेअरिंग हबमध्ये हातानेच बसतंय, तापवायची गरजच पडली नाही.

मग हब गेलंय. खराब बेअरिंगवर बरेच दिवस गाडी चालवली की बाहेरची कडी हबमध्येच फिरू लागते आणि भोक मोठं होतं. पंचने चार टोले मारून भोक आवळणं हा जुना जुगाड, तो महिनाभर टिकतो. थोडाच सैलपणा असेल तर बेअरिंग चिकटवायचं लॉकटाइट चालतं. जास्त असेल तर लेथवर भोक मोठं करून स्लीव्ह बसवून घ्यावी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम करणारे लेथवाले आहेत, तसे बहुतेक औद्योगिक गावांत असतात. स्लीव्हचं भोक मध्यावर आलं नाही तर चाक कायमचं डुलणार, म्हणून लेथवाला पैशावरून नव्हे, हातावरून निवडा.

चेनचं लॉक कोणत्या दिशेने?

क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते तिकडे. वरच्या बाजूला लॉक असेल तर बंद तोंड इंजिनकडे. उलटं बसवलं आणि कशाला घासलं तर क्लिप उडते.

चेन किती सैल ठेवायची?

खालच्या बाजूच्या मध्यावर वर-खाली २० ते ३० मिलिमीटर, बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना. चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर स्टिकर असतो, तो खरा.

लोकांना चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी आवडते. आवाज येत नाही म्हणून. पण छोटं सॉकेट, चिमट्याचा सांधा आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेनला सर्वांत जास्त अंतर गाठावं लागतं. डबलसीट बसलं, खड्डा आला, चिमटा वर गेला की ती वेळ येते. स्टँडवर ताठ असलेली चेन तेव्हा इंजिनच्या शाफ्टचं बेअरिंग बाहेर ओढते. थोडी सैल चेन कुरकुर करते. ताठ चेन इंजिन उघडायला लावते.

चाक सरळ बसलंय हे कसं बघायचं? दोन्हीकडच्या खुणा तर सारख्या आहेत.

अॅडजस्टरच्या खुणांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गवंडी भिंत बघतो तसं बघा: मागच्या टायरला दोरी गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणा, हँडल सरळ ठेवून दोन्हीकडचं अंतर सारखं आहे का पाहा. शेवटी मागे बसून एक डोळा मिटून चेनच्या रेषेत नजर लावा, वाकडी असेल तर लगेच कळते.

चेनला कोणतं तेल? जळकं इंजिन ऑइल चालतं का?

जळक्या ऑइलमध्ये इंजिनची धातूची पूड आणि काजळी असते, म्हणजे घासायची पेस्टच. नव्वद नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे वापरा, पाचशे किलोमीटरला एकदा, पावसात त्याआधी. गाडी फिरवून आल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने. ग्रीस थापू नका, ते बाहेरच राहतं आणि धूळ गोळा करतं. ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कड्या असलेली) चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही वर्ज्य, रॉकेल आणि मऊ ब्रश वापरा.

आणि इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये टाकून, फडक्याने चेन पुसायची नाही. फडकं अडकतं, मागोमाग बोटं सॉकेटमध्ये जातात. चाक हाताने फिरवा.

प्रेशर वॉशने बेअरिंग खराब होतात का?

एक्सलच्या टोकावर जवळून फवारा मारला तर होतात. पंचगंगेच्या पाण्यात गाडी उभी करून धुणारे आहेत, त्यांची चाकं दर पावसाळ्यानंतर माझ्याकडे येतात. पाणी सीलच्या आत गेलं की ग्रीस पांढरं, ताकासारखं होतं.

जुन्या बुलेटला हेच लागू का?

तत्त्व तेच, पण मागे ड्रम ब्रेक असलेल्या जुन्या बुलेटला सॉकेट आणि ब्रेकचा ड्रम एकाच तुकड्यात असतो. दात झिजले की ड्रमही बदलावा लागतो, आणि नव्या ड्रमला लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) नीट बसतात का तेही बघावं लागतं.

स्कूटरला?

नाही. तिथे बेल्ट आणि बंद डब्यातले गिअर. पण चाक शाफ्टच्या दात्यांवर बसतं आणि मधला मोठा नट सैल राहिला तर हे दाते झिजून चाक "कट कट" करतं. पंक्चर काढल्यावर तो नट पूर्ण आवळलाय का ते बघत जा.

पुढचं सॉकेट एक दात मोठं टाकलं तर ॲव्हरेज वाढेल?

१४ चं १५ केलं तर गिअर सुमारे सात टक्के लांब होतो. हायवेवर इंजिन शांत चालतं. घाटात, डबलसीट, तिसऱ्यात जाणारी गाडी दुसऱ्यात जाईल. ॲव्हरेज कोण कुठे चालवतो यावर आहे. मी गाडीसोबत आलेलंच माप ठेवतो.

नकली माल कसा ओळखायचा?

रोलॉन, डायमंड या नावांच्या चेन आणि एसकेएफ, एनबीसी यांची बेअरिंग सगळीकडे मिळतात, म्हणून नकलाही होतात. बेअरिंगवरचं नाव नखाने खरवडलं तर जाता कामा नये. नवी चेन आडवी धरा: कमानीसारखी जास्त लोंबली तर नको. बिल देणारा दुकानदार धरा, पन्नास रुपये जास्त गेले तरी.

चाक थोडंसंच हलतंय. गावी जाऊन येतो, मग बदलतो. चालेल?

किती हलतंय यावर नाही, कसं फिरतंय यावर सांगतो. हलतंय पण गुळगुळीत फिरतंय, तर हळू चालवत गॅरेजपर्यंत या, गावी नको. हलतंय आणि खरखरतंय, किंवा हब हाताला चटका देण्याइतकं तापतंय, तर जिथे आहे तिथेच लावा आणि टेम्पो बोलवा.